कंदिलाला मास्क नव्हता

आमच्या रहिमतपुरातले एक मास्तर दरसाल दिवाळी अंक काढतात. "हवालदार, तुम्ही महायुद्धात होतात, एखादा थरारक प्रसंग लिहा," म्हणून तीन वर्षं ते माझ्या मागं आहेत. त्यांना वाटतं, ज्यानं खाकी घातली त्यानं तोफा ऐकल्या असणार. मी एकही ऐकली नाही. अख्खं युद्ध मी एका ट्रेनिंग सेंटरात रिक्रुटांच्या तोंडावर रबरी मास्क चढवण्यात आणि उतरवण्यात घालवलं. ज्या विषारी वायूसाठी ही सगळी तालीम चालली होती, तो आमच्या पोरांवर कधी सोडलाच गेला नाही. माझ्या हाताखालून गेलेल्यांतले काही गोळीनं मेले, काही तापानं मेले, दोघंजण नदी उतरताना वाहून गेले. वायूनं एकही गेला नाही.

वायूनं गेला तो एकच माणूस. तो सांगलीजवळ गेला, युद्ध संपल्यावर, आणि मी स्वतःच्या हातानं बसवून दिलेला मास्क तोंडावर असताना. ते मी आजवर लिहिलेलं नाही आणि एका बाईखेरीज कुणाला सांगितलेलंही नाही. मास्तरांना हे चालत असेल तर त्यांनी छापावं, नाहीतर पाककृती छापाव्यात.

धंदा कळावा म्हणून आधी थोडं सांगतो. मास्क म्हणजे टोपी नव्हे, की घातली डोक्यावर आणि निघालं. रबराचा मुखडा, डोळ्यांना दोन काचा, तोंडापासून निघालेली वळ्यावळ्यांची नळी आणि ती छातीवरच्या पिशवीतल्या डब्यात गेलेली. डब्यात खास भाजलेला कोळसा आणि गाळणीच्या घड्या. बाहेरची हवा डब्यातून गाळून निघते आणि नळीवाटे तोंडाशी येते. त्या नळीमुळं आमची सातारी पोरं त्याला गणपती म्हणायची. "हवालदारसाब, माजा गनपती फाटलाय," असं कुणी ओरडलं की गोरा साहेब माझ्याकडं बघायचा, आणि त्याला ते इंग्रजीत समजावताना माझी त्रेधा उडायची.

मास्क तीन मापांचे यायचे आणि चेहरे हजार मापांचे. मी सातवी पास म्हणून मला इन्स्ट्रक्टर केलं होतं, पण चेहरा वाचायला मला शाळेनं शिकवलं नव्हतं, ते हातानंच शिकलो. बसक्या गालांच्या माणसाला मधलं माप दिलं तर कानापाशी फट पडते. हनुवटी लांब असेल तर मोठं माप लागतं, मग कपाळापाशी ढिलं होतं. हनुवटी आधी आत घालायची, मग पट्टे डोक्यावरून घ्यायचे, आणि दोन्ही हातांनी सारखे ओढायचे. मग नळी चिमटीत दाबून धरायची आणि श्वास ओढायचा. रबर गालाला चिकटलं की मास्क बसला. कुठून फुस्स झालं की नाही बसला, पुन्हा पहिल्यापासून. एका पोराच्या गालावर लहानपणी बैलानं शिंग मारल्याचा खोल वण होता, त्याला कुठलाच मास्क बसेना. मी त्याला नापास केलं. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आणि दाढी. खुंट असले की रबर आणि कातडी यांच्यामध्ये वाट राहते. मिशीला मी हात लावला नाही, ती रबराच्या आत मावते, आणि लावला असता तर साताऱ्याच्या पोरांनी मलाच डब्यात घातलं असतं. पण रोज सकाळी रांगेतून फिरताना प्रत्येकाच्या गालावरून मी उलटी बोटं फिरवायचो. बोटांना खरखर लागली की त्यानं धावत जाऊन दाढी करून यायचं. पुढं पुढं मला बोट लावायचीही गरज उरली नाही, दहा पावलांवरून कळायचं.

इस्लामपूरकडचा एक पैलवान होता. आखाड्यात चारजणांना आवरायचा नाही, पण मास्क चढवला की दोन मिनिटांत ओरबाडून काढायचा. "आत कुनीतरी माजं तोंड दाबतंय," म्हणाला आणि ढसाढसा रडला. शिक्षा करून हे जात नाही. मी त्याला मास्क घालून लिंबाखाली बसवलं आणि पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचं पोतं ठेवलं. सोल म्हटलं. हात कामात गुंतले की माणूस तोंड विसरतो. पाचव्या दिवशी अर्धं पोतं सोलून झालं तरी त्यानं मास्क काढला नव्हता. मला त्या पोत्याचा फार अभिमान होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

साहेबानं आम्हांला बारा कायदे पाठ करायला दिले होते, हिंदुस्थानीत. रिक्रूट ते कवायतीच्या तालावर एका सुरात म्हणायचे. त्यातला अकरावा होता, 'जहाँ हवा नहीं, वहाँ मास्क बेकार.' बाकीचे कायदे मी उदाहरणं देऊन समजावले. अकराव्याचं उदाहरण मला कधी सुचलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मोकळ्या माळावर उभं राहून कोण विचारणार, की हवा नसेल तर काय? चार वर्षं मी तो कायदा शेकड्यांनी पोरांकडून म्हणवून घेतला. मला तो कळलेला नव्हता.

युद्ध संपलं आणि आम्हांला घरी पाठवलं. शेतात मन लागेना. हुकूम सोडायची सवय झालेल्या माणसाचं बैल ऐकत नाहीत. ओळखीतनं सांगलीला एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं मुकादमाची जागा मिळाली. सांगली तेव्हा संस्थान होतं. शेठ भला माणूस, मला पहिल्या दिवसापासून हवालदारच म्हणायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा.

शेठच्या वखारीच्या मागं शेड होती. हळद उकडून वाळवली की हळकुंडं काळपट, खरबरीत दिसतात. ती पिंपात घालून पिंप गरगर फिरवतात. एकमेकांवर घासून हळकुंडं उजळतात, आणि जी साल निघते तिची भुकटी होऊन शेडभर तरंगते. तिथं निवडायला बसणाऱ्या बायका दिवसभर खोकायच्या. थुंकी पिवळी. सगळ्यांना वाटायचं, हळदच ती, अंगाला चांगलीच. मला बघवेना. मी जुन्या धोतराच्या चार पदरी घड्या केल्या, नाकाच्या हाडावर नीट बसेल अशी दुमड घातली, मागं दोन बंद शिवून घेतले आणि एकेकीला बांधायला शिकवलं.

त्यांच्यात हौसाबाई म्हणून एक विधवा होती, पन्नाशीची, सगळ्या तिला मावशी म्हणत. ती म्हणाली, "काय रं हवालदारा, बैलाला मुसकं बांधावं तसं आमाला बांधतूस व्हय? आमी काय तुजी हळद खातूय?"

बायका हसल्या. पण मावशीनं बांधलं, आणि मावशीनं बांधलं म्हणून बाकीच्यांनी बांधलं. महिन्या-दीड महिन्यानं एका सकाळी तिनं मला शेडच्या दारात अडवलं.

"खोकला गेला बग माजा," ती म्हणाली. "छाती मोकळी झाली. तुजं कायतरी खरं हाय. आमच्या शिदूला बी शिकीव की. त्यो त्या पेवात उतरतूय, माजा जीव टांगनीला."

शिदू तिचा एकुलता एक. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, तोंडानं कमी आणि कामाला वाघ. त्याच्यासाठी पलूसकडची एक मुलगी बघून ठेवली होती. मी मावशीला म्हणालो, "काळजी सोडा. त्याला शिकवायचं माझ्याकडं लागलं."

धुळीपुढं माझं फडकं चाललं, तिथंच माझी मान ताठ झाली. धूळ वेगळी, विषारी वायू वेगळा आणि हवाच नसणं वेगळं. तिन्हींना एकच औषध नाही. मास्क निवडताना पहिला प्रश्न हा, की हवेत काय मिसळलंय? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, की हवा आहे का? हे मी आज किती सहज लिहितोय.

पेव काय असतं ते नव्या पिढीला सांगायला हवं. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेकाठची माती अशी घट्ट, की जमिनीत खड्डा खणला तरी आत ओल येत नाही. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत रांजणासारखा फुगलेला खड्डा, तीन पुरुष खोल. त्यात हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून वर माती लिंपायची. वर्षं गेली तरी हळदीला कीड लागत नाही. कारण आत कीड जगत नाही. कोंडलेली हळद आतली हवा खाऊन टाकते आणि मागं राहतो तो जड, बिनवासाचा, बिनरंगाचा वायू. कीड जगत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

पेवांचं सगळं मौलाचाचांच्या हाती असायचं. साठीचे, पांढरी दाढी, तीन पिढ्या हेच काम. त्यांची रीत ठरलेली. आज पेवाचं तोंड उघडायचं आणि उद्यापर्यंत तसंच सोडायचं. मग लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून आत खालीवर करायचा, विहिरीतून पाणी शेंदावं तसं. मग पेटता कंदील सोडायचा. कंदील तळाला जाऊन तेवत राहिला तरच माणूस उतरायचा, तोही कमरेला दोर बांधून. या रीतीत एक दिवस मोडायचा. मला तो दिवस खुपायला लागला.

मी शेठला म्हणालो, आत जो वायू असतो तो फौजेतल्या वायूपुढं काहीच नाही. फौजेतले जुने मास्क पुण्याच्या जुन्या बाजारात पडलेत. दोन मास्क मागवून घ्या, कंदिलाची वाट बघायला नको. शेठनं माझ्या शब्दाखातर आणवले. मी डबे उघडून पाहिले, रबर ताणून पाहिलं. माल चांगला होता.

शिदूला मी पंधरा दिवस शिकवलं. माझ्या हातून गेलेल्यांत इतका चांगला शिकणारा दुसरा झाला नाही. मधलं माप त्याला असं बसलं, जणू त्याच्याच तोंडावर ओतलं होतं. दाढीचं मी त्याला सांगितलं, त्यानं आईला सांगितलं, आईनं गल्लीला सांगितलं. रोज सकाळी तो दाढी करून यायचा आणि हसत गाल पुढं करायचा. पोरीसाठी करतोय म्हणून हमाल त्याला चिडवायचे.

चाचांना ते पसंत नव्हतं. "ह्या रबरी थोबाडाचं मला कळत न्हाई हवालदार," ते म्हणायचे. "पन कंदिलाचं कळतंय."

पुढच्या सहा महिन्यांत पहिली चार पेवं सुरळीत गेली. ती तोंडापर्यंत भरलेली होती. माणूस वरच्या वरच उभा राहून पोती भरायचा, वारा त्याच्या डोक्यावरून जायचा. मास्क नसता तरी त्याला काही झालं नसतं. मला वाटलं, मास्कमुळं झालं. हमालांत माझा भाव वाढला, आणि चाचांचा कंदील हा चेष्टेचा विषय झाला. चेष्टा सुरू मीच केली.

पाचवं पेव अर्धं रिकामं करून पुन्हा बंद केलेलं होतं. म्हणजे वर दीड पुरुष पोकळी आणि खाली हळद. स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी आल्या होत्या, माल त्याच दिवशी चढवायचा होता. वार शनिवार. सकाळी फरशी काढली आणि शिदू मास्क घेऊन पुढं आला. मला दहा पावलांवरून दिसलं.

"दाढी?" मी म्हणालो.

"आयनं वस्तारा लपिवला," तो ओशाळून म्हणाला. "आज माजा जन्मवार हाय म्हनं. जन्मवारी तोंडाला लोखंड लावू नये म्हनली."

मी चारचौघांत त्याला झापला. आई काय फौजेत होती का, वगैरे. मग मास्क चढवला, पट्टे ओढले, नळी चिमटीत धरली. "ओढ." त्यानं श्वास ओढला. रबर दोन्ही गालांना गच्च चिकटलं. मी पुन्हा ओढायला लावलं, पुन्हा चिकटलं. एका दिवसाचे खुंट होते, फट नव्हती. मी हे कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगतो. फट नव्हती.

कमरेला दोर बांधला की छातीवरची पिशवी वर सरकते आणि नळीला मुरड पडते. म्हणून दोर मीच सोडायला लावला.

चाचांनी तोवर कंदील सोडला होता. पाच-सहा हातांवर तो विझला. त्यांनी वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

"हवालदार, आज नगं," चाचा म्हणाले. "दिवा जगत न्हाई तितं मानूस जगत न्हाई. माज्या बापानं मला एवडंच शिकिवलंय. उद्यापातूर थांबा."

मी म्हणालो, "चाचा, कंदिलाला मास्क न्हाई. शिदूला हाय."

सगळे हमाल खदाखदा हसले. शिदूही हसला. मास्कच्या आत त्याचं तोंड दिसलं नाही, पण त्याचे खांदे हलले.

तो दोराच्या शिडीनं उतरला. मास्कमधून घुमल्यासारखा त्याचा आवाज आला, "सोडा पोती." पोतं सोडलं. ते भरून झाल्याची खूण म्हणून पोत्याच्या दोराला हिसका द्यायचा असतो. हिसका आला नाही. मी हाक मारली. दुसरी मारली. चाचा तोंडापाशी पालथे झाले आणि त्यांनी आत बघितलं, आणि त्यांच्या तोंडून "या अल्ला" एवढंच आलं.

दुसरा मास्क मी चढवला. चाचांनी माझं मनगट धरलं. "दोर बांधून जा. न्हाईतर मी जाऊच देत न्हाई." माझ्या कमरेला त्यांनी स्वतः गाठ मारली. मी शिडीवर पाय ठेवला. माझी दाढी त्या सकाळी केलेली होती, गुळगुळीत. नळी चिमटीत धरून मी ओढून पाहिलं होतं. फट नव्हती.

आत श्वास येत होता. भरपूर येत होता, कुठं अडत नव्हता, कसला वासही नव्हता. पण त्या श्वासात काही नव्हतं. मी जोरानं ओढू लागलो, धाप लागली, कानात भुणभुण सुरू झाली. खाली हळदीच्या ढिगावर शिदू एका कुशीला वळून पडलेला दिसला, एक हात पोत्यात. मास्क तोंडावर जागच्या जागी. त्यानं तो काढायचा प्रयत्नसुद्धा केलेला नव्हता. मी शिकवलं होतं ना, काही झालं तरी मास्क काढायचा नाही. आणि त्या क्षणी, शुद्ध जायच्या आधी, मला अकरावा कायदा कळला. डबा हवा गाळतो. हवा करत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा लिंबाखाली होतो. चाचांनी आणि दोन हमालांनी मला ओढून काढलं होतं. चाचांच्या तळहातांची सालं निघाली होती. शिदूला बाहेर काढायला दुपार झाली. डहाळ्या मारून मारून, कंदील तेवायला लागल्यावर, चाचाच उतरले.

संध्याकाळी फौजदार आला. सभ्य माणूस होता. त्यानं मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, "हा बिघडलेला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग माणूस मेला कसा?"

मी तोंड उघडलं. उत्तर माझ्याजवळ होतं, अजून छातीत दुखत होतं. तेवढ्यात शेठ मागून म्हणाला, "साहेब, त्यानं आज दाढी केलेली नव्हती. सगळ्यांनी बघितलंय. हवालदार त्याला त्यावरनं बोललेपण." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

फौजदार म्हणाला, "दाढीनं काय होतं?"

मी म्हणालो, "दाढी असली तर मास्क नीट बसत नाही."

एवढंच. यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही. चार वर्षं हेच शिकवून मी सरकारचा पगार खाल्ला होता. फौजदारानं लिहून घेतलं, मी खाली सही केली. चाचा बाजूला उभे होते, सोलवटलेले हात पोटाशी धरून. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

गल्लीत बातमी मढ्याच्या आधी पोचली होती. आईनं वस्तारा लपवला, म्हणून पोरगा गेला. दाढीचं महत्त्व त्या गल्लीला माझ्यामुळं पाठ होतं. मावशी रडत नव्हती. शिदूच्या गालावरून हात फिरवत होती, उलटी बोटं, मी फिरवायचो तशी, आणि प्रत्येक वेळी हाताकडं बघत होती.

तेराव्यानंतर चाचा माझ्याकडं आले. "हवालदार, तुमी सांगताय का मी सांगू?" ते एकटेच गेले आणि त्यांनी मावशीला सगळं सांगितलं, कंदिलाचं, माझ्या गुळगुळीत गालाचं, मी कसा पडलो त्याचं. ती त्यांना म्हणाली, "चाचा, तुमी माजं मन राकायला बोलताय. हवालदारानं फौजदाराला लिवून दिलंय." सहा महिने मी लोकांना चाचांच्या कंदिलाला हसायला शिकवलं होतं. आता त्यांच्या शब्दाला कोण विचारणार? चाचांनी पेवांचं काम सोडलं आणि माझ्याशी बोलणंही सोडलं.

मीही वर्षाच्या आत शेठची नोकरी सोडून गावी आलो. पण दर दिवाळीला सांगलीला जायचो. मावशीला लुगडं, थोडा फराळ. ती मला पाट द्यायची, पाणी द्यायची. आणि दर दिवाळीला एकदा हात जोडून म्हणायची, "हवालदारा, तू माज्या लेकराला एवडं शिकिवलंस. मीच माती केली." मी पाणी प्यायचो आणि मान खाली घालायचो. तिला वाटायचं, मी दुःखानं घालतोय. शेडमधल्या बायका सांगायच्या, कुणाच्या घरी सासू सुनेला, आई पोराला असलं काही पाळायला लावताना दिसली, की मावशी आत घुसून त्यांच्या पाया पडते.

का सांगितलं नाही? भीती म्हणावी तर फौजदार केव्हाच बदलून गेला होता, संस्थानही गेलं. लाज म्हणावी तर तीही पहिल्या वर्षात सरली. मग नुसती सवय उरली. दर वर्षी मागच्या वर्षाचं गप्प बसणं त्यात मिळवलं जायचं आणि ओझं वाढायचं. इतकी वर्षं का नाही बोललास, या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून आणखी एक वर्ष नाही बोललो.

शेवटी एका दिवाळीला बोललो. बारा वर्षं झाली होती. मावशी अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. नजर अधू झाली होती, खडे बोटांनी चाचपत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दाढीचा काही संबंध नव्हता. मास्क बसला होता. तो मास्क तिथं चालणाराच नव्हता, आणि चाचा नको म्हणत असताना मी हसून त्याला खाली धाडला.

तिचे हात थांबले.

"तुला कवा कळलं ह्ये?" तिनं विचारलं.

"त्याच दिवशी. पेवात असतानाच."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. "मग दर दिवाळीला माज्या हातचं पानी पिऊन जात हुतास, त्ये घशाखाली कसं उतरत हुतं रं?"

ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. सूप उचलून आत गेली. मी पायरीवर बसून राहिलो. ती बाहेर आली नाही, आणि आत जायचं माझं धाडस झालं नाही. ऊन कलल्यावर उठून स्टेशनावर गेलो.

पुढच्या दिवाळीला पुन्हा गेलो. कशासाठी, ते माझं मलाही सांगता येत नाही. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई बाहेर आली, तिनं मला ओळखलं. पावसाळ्यातच गेली म्हणाली.

"लय हाल झालं बगा शेवटी," ती म्हणाली. "जेवनच सोडलं हुतं. पोराला दाढी करू दिली न्हाई, त्येच खाल्लं तिला. तुमी तर एवडं शिकिवलं हुतं त्येला."

म्हणजे मावशीनं कुणाजवळही, या शेजारणीजवळही, एक शब्द काढला नव्हता. ती बाई माझ्याकडं बघत उभी होती. मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबली असावी. मी हातातलं लुगडं तिला दिलं आणि परत फिरलो. तिला मी काही सांगितलं नाही.